कुंदाची फणी : वडगावातल्या एका मांजराचं प्रकरण

कुंदा हे मांजराचं नाव. बेळगावच्या कुंदा ह्या मिठाईसारखा, खरपूस आटवलेल्या दुधाचा रंग, म्हणून मावशींनी ठेवलेलं. वय सहा वर्षं, वजन 5 किलो 800 ग्रॅम, आई पर्शियन आणि बाप गल्लीतला बोका. अंगावर केसांचे दोन थर आहेत. वरचे लांब आणि जरा राठ, खालची लव पिंजलेल्या कापसासारखी. मावशींच्या मुलानं बेंगळुरूला जाताना तिला घरी सोडलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती कधी स्वतःहून माडीवरून खाली उतरलेली नाही. वडगाव हा बेळगावातला विणकरांचा भाग, मावशीही विणकर; घराच्या खालच्या मजल्यावर तीन पॉवरलूम, म्हणजे विजेवरचे माग आहेत, त्यामुळे जिन्याचं दार कायम बंद असतं. एक तर माग चालू असताना मांजर मध्ये आलं तर काय होईल ते सांगायला नको, आणि दुसरं म्हणजे ताण्यात, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांत, केस गेला तर साडीत दिसतो.

नोव्हेंबरच्या शेवटी मावशींचा फोन आला. प्रश्न एवढाच होता : "ह्या मांजराला कुठला ब्रश घेऊ सांग की. चार झाले घेऊन."

मी सकाळी टिळकवाडीतल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून असते आणि दुपारनंतर कुणी बोलावलं तर घरी जाऊन मांजरांचे केस विंचरून, नखं कापून देते. ब्रश कुठला घेऊ, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. पूर्वी मी फोनवरच नाव सांगून मोकळी व्हायची. ह्या प्रकरणानंतर ते बंद केलं.

चार ब्रश

मावशींनी एका पिशवीतून चारही ब्रश काढून चटईवर ओळीनं मांडले. पहिला मऊ केसांचा, लहान बाळाला वापरतात तसला. ह्यानं मांजर खूश, पण केस निघत नाहीत. तो ब्रश चुकीचा नाही, त्याचं काम वेगळं आहे. अंगचं तेल केसांवर पसरवून चकाकी आणायला तो चांगला, पण खालच्या लवेपर्यंत पोचतच नाही.

दुसरा रबरी बोंडांचा हातमोजा. आपल्याकडच्या आखूड केसांच्या गावठी मांजराला ह्याच्याइतकं सोयीचं काही नाही. रबराच्या घासणीला सुटे केस चिकटून येतात, आणि मांजराला वाटतं, आपल्याला कुरवाळायलेत. लांब केसांवर मात्र तो वरच्यावर घसरतो. थंडीत हवा कोरडी झाली की कुंदाचे केस मोज्यामागं उभे राहायचे, स्थिर विजेचा बारीक चटका बसायचा आणि ती पळायची.

तिसरा वाकड्या बारीक तारांचा, मागं बटण असलेला. बटण दाबलं की अडकलेले केस सुटून पडतात. हा मुलानं ऑनलाइन मागवलेला. चौथा ब्लेडचा, सगळ्यात महाग, साडेसहाशे रुपयांचा. बारीक दात्यांची लोखंडी पट्टी आणि त्याला मूठ. ह्या चौथ्यावर मावशींचा फार जीव, कारण एकदा फिरवला की केसांचा ढीग निघायचा. तो ढीग मावशी जरी तोलायच्या तराजूवर मोजायच्या! एका बसणीला सहा ग्रॅम, सात ग्रॅम. वहीत लिहून ठेवलं होतं. सुताच्या कांड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

एवढे केस निघत असूनही तक्रारी जशाच्या तशा होत्या. साड्यांवर केस दिसत होते. दर आठ-दहा दिवसांनी मांजर लांबट, सुरनळीसारखा केसांचा गोळा ओकत होतं. आणि गेल्या महिन्यापासून कमरेवर हात ठेवला की ती चावत होती.

काय दिसलं

वरून बघितलं तर कुंदा दृष्ट लागण्यासारखी. पाठ चकचकीत. मी पिशवीतून माझी रुंद दातांची स्टीलची फणी काढली आणि मानेपासून कातडीला टेकवून हळू खाली नेली. चार बोटं सरळ गेली आणि मग थांबली. कमरेपाशी तर शिरेनाच. कातडीच्या वर साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर लवेचा एक थर बसला होता, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट. कानांमागं, पुढच्या पायांच्या बगलेत आणि शेपटीच्या मुळाशी जटा झाल्या होत्या. शेपटीजवळची एक तर लिंबाएवढी.

मावशी बाजूला बसून बघत होत्या. त्यांनी माझ्या हातातली फणी घेतली, स्वतः एकदा फिरवली, आणि म्हणाल्या, "फणी अडकायली म्हणजे खाली सूत गुतलंय. वरनं किती बी हात फिरव, मागावर चालतंय होय?"

मागालाही फणी असते हे वडगाव, खासबाग, शहापूर भागात कुणाला सांगायला नको. ताण्याचा एकेक धागा तिच्या घरांतून ओवलेला असतो आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, ठोकून बसवण्याचं काम तीच करते. कुठं गाठ असली तर फणीपाशीच कळतं. मी दहा मिनिटं समजावून जे सांगणार होते ते मावशींनी एका वाक्यात संपवलं. माझ्या लेखी फणी ही आधी तपासणीची वस्तू आहे आणि मग विंचरण्याची. ब्रश वरचं छान करतो, आणि तेवढ्यानं आपली फसगत होते.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी माझ्या डोक्यातही आली नव्हती. ब्लेडच्या ब्रशानं निघालेला आदल्या दिवसाचा पुंजका त्यांनी कागदात गुंडाळून ठेवला होता. तो खिडकीपाशी नेऊन, चष्मा कपाळावर सारून, त्यांनी केस एकेक करून उजेडात धरले. "हे तुटलेलं हाय. गळालेलं न्हवं."

मी बघितलं. आपोआप गळालेला केस अखंड असतो, टोकाकडं निमुळता होत जातो. ह्या पुंजक्यात निम्मेअधिक तुकडे होते, दोन्ही बाजूंनी बोथट. ब्लेड वरचे लांब केस मधेच कापत होतं आणि खालची लव होती तिथंच होती. वजनकाट्यावर भरत होते ते हेच केस. आखूड, दाट केसांच्या मांजरावर आठवड्यातून एकदा हलक्या हातानं हे हत्यार चालतं. लांब केसांवर रोज दाबून फिरवलं तर असं होतं. कुंदाच्या पाठीवर दोन ठिकाणी केस विरळ झालेले मला आता कुठं दिसले.

जटा तिथंच का

ब्रशाचा विषय बाजूला ठेवून मी विचारलं, ही स्वतःला चाटते का? पुढचे पाय, छाती, तोंड चाटते, मावशी म्हणाल्या. पाठीमागं वळताना दिसत नाही.

मांजराची जीभ हीच मुळात फणी आहे. तिच्यावरचे काटे नखांसारख्याच द्रव्याचे, केराटिनचे असतात. 2018 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं की हे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात आणि त्या पन्हळीतून लाळ थेट केसांच्या मुळाशी जाते. वाघ-सिंहापासून घरच्या मांजरापर्यंत हे जमतं. पर्शियनचे केस मात्र इतके दाट आणि लांब की काटे कातडीपर्यंत पोचत नाहीत. माणसानं हौसेनं वाढवलेल्या केसांना माणसाच्याच हाताची गरज लागते, ती अशी. कुंदा अर्धी पर्शियन. त्यात वजन वाढलेलं, त्यामुळे कंबरेपर्यंत वळणं जमत नव्हतं, आणि जिथं जीभ पोचत नव्हती तिथंच कोंडा आणि जटा होत्या.

घरात राहणाऱ्या मांजराची आणखी एक गोष्ट असते. बाहेरच्या मांजराचे केस दिवस लहान-मोठा होण्याच्या हिशेबानं, हंगाम धरून गळतात. कुंदाच्या घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट आणि बाराही महिने जवळपास सारखीच ऊब. तिचे केस वर्षभर थोडे थोडे गळत राहतात, म्हणून "दिवाळीत एकदा विंचरून टाकू" हा हिशेब तिला लागू पडत नाही.

पहिल्या दिवशी मी एक चूक केली. एवढं सगळं समजल्यावर थांबायला हवं होतं. पण मावशी बघत होत्या, हातात फणी होती, आणि मी बगलेतली जट तिथंच सोडवायला घेतली. कुंदानं आधी शेपटीचं टोक आपटलं, मग पाठीची कातडी थरथरली, कान मागं गेले. तिन्ही खुणा मला पाठ आहेत. तरी म्हटलं, अजून एवढंच. तिनं अंगठ्याच्या मुळाशी चार दात उतरवले. साबणानं पंधरा मिनिटं नळाखाली हात धरून मी सरळ सरकारी दवाखान्यात रेबीजचं इंजेक्शन घ्यायला गेले. मांजर घरातलं असलं तरी ह्यात हयगय करायची नसते.

डॉक्टरांकडे

दोन दिवसांनी कुंदाला टोपलीत घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टर कन्नडातून विचारत होते, मावशी मराठीतून सांगत होत्या, आणि मी मध्ये दुभाषी म्हणून उभी असूनही माझी गरज कुणालाच पडली नाही.

पिसवा नाहीत. गजकर्ण नाही, हे बघणं महत्त्वाचं, कारण तो माणसालाही होतो आणि एकच ब्रश दोन मांजरांना वापरला की पसरतो. दातांवर कीट, पण दुखणं नाही. सांधे ठीक. वजन जास्त. खाणं हळूहळू कमी करायचं, एकदम उपाशी ठेवायचं नाही. मांजराचं खाणं अचानक तुटलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. कमरेवरचा थर आणि शेपटीजवळची जट डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन मशीननं काढली. घरी कात्रीनं काढू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर ती वर ओढली जाते, आणि केस कुठं संपतात नि कातडी कुठं सुरू होते ते दिसत नाही. कात्रीनं कापलेली मांजरं टाके घालायला आमच्याकडं येतात.

जटेखाली कातडी लाल झाली होती. चावण्याचं कारण तेच. मावशी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आनि मी म्हनायली, ही आगाव झालीया."

शेजारच्यांचे सल्लेही येऊन गेले होते. खोबरेल चोळा म्हणजे गुंता सुटतो : मांजर ते सगळं चाटतं, वर धूळ बसून जट आणखी घट्ट होते. एकदा आंघोळ घाला : गुंता काढल्याशिवाय पाणी लागलं की लव आवळते, लोकर ओली करून मळली की काय होतं ते आठवावं. कुत्र्याची पिसवांची पावडर लावा : ह्याला मात्र मी हात जोडले. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. कापूरही नको.

फणीची निवड

आता मूळ प्रश्न. मी सुचवलं, रुंद दातांची स्टीलची फणी घ्या, माझ्याजवळ आहे तशी. मावशींनी आधी घरातली जुनी लाकडी फणी दाखवली, दोन्ही बाजूंनी दात असलेली, उवा-लिखांची. ती इतकी दाट होती की लांब केसांत शिरलीच नसती, आणि लाकडाला तुसं होती.

दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदारानं तीन फण्या पुढं ठेवल्या. मावशींनी कमरेच्या पिशवीतून रेशमी सुताची एक छोटी लड काढली, डाव्या हाताच्या बोटांवर ताणली आणि पहिली फणी तिच्यातून ओढली. चौथ्या दाताला तंतू अडकला. परत. दुसरीही परत. तिसरी पाण्यासारखी गेली. दुकानदार म्हणाला, "अक्का, मांजरासाठी घ्यायल्यात की साडीसाठी?"

ही परीक्षा मी आता सगळ्यांना सांगते. रेशीम नसेल तर जुना नायलॉनचा पायमोजा चालतो. दाताची टोकं गोल हवीत, आणि दाताच्या कडेला साच्याची रेघ राहिलेली नसावी. केस तुटतो तो तिथं. तारांचा ब्रश असेल तर स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर, मांजरावर जितका दाब देणार तितकाच देऊन फिरवून बघावा. पांढऱ्या रेघा उठल्या तर दाब जास्त आहे.

पण घेतलेली तिसरी फणी नुसती रुंद दातांची होती, आणि ही माझी दुसरी चूक. दोन आठवड्यांनी गेले तर पाठ छान होती, फणी सरसर जात होती, मावशी समाधानात. मी बगलेत बोट घातलं तर वाटाण्याएवढ्या तीन गुठळ्या. विरळ दातांतून लांब केस सुटत होते, पण पिंजलेली लव दातांच्या फटीतून तशीच मागं राहत होती आणि हालचालीनं पुन्हा वळत होती. "विरळ फणीला बारीक सूत दिलंस तू," मावशी म्हणाल्या. चूक मान्य केली.

शेवटी जी मिळाली ती अर्धी विरळ, अर्धी दाट. एकाच पट्टीवर निम्मे दात रुंद फटींचे, निम्मे जवळजवळ. दात इंचभर लांब, म्हणजे अंगावर आडव्या पडलेल्या केसांच्या थरापेक्षा जास्त. आखूड दातांची फणी कितीही चांगली असली तरी कुंदाच्या कातडीपर्यंत पोचली नसती. किंमत 240 रुपये. आधी विरळ बाजू, ती विनाअडथळा गेली तरच दाट बाजू. तारांचा बटणाचा ब्रश ठेवला, तो फक्त शेपटीला आणि मागच्या पायांच्या झुपक्यांना, एका जागी तीन-चार हातांपेक्षा जास्त नाही. बाळाचा ब्रश शेवटी लाडाला.

बसणी

साधन ठरलं तरी बसवणार कधी? माग चालू असताना माडीची जमीन थरथरते, कुंदा कपाटावर असते. मावशींनीच वेळ शोधून काढली. वडगावात करंट गेला की सगळे माग एका क्षणात गप्प होतात आणि ती शांतता मांजरालाही कळते. कुंदा स्वतःहून येऊन खिडकीखालच्या वाकळेवर पसरायची. तेव्हा दोन मिनिटं. करंट गेला नाही त्या दिवशी रात्री माग बंद झाल्यावर. अंगाखाली जुना "तरुण भारत" पसरायचा, म्हणजे केस उडत नाहीत.

एका दिवशी एकच भाग. सोमवारी मान आणि कानांमागं, मंगळवारी पाठ, असं. बगल आणि पोट सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी वेळ. शेपटीचं टोक हललं की थांबायचं, भाग पुरा झाला असो वा नसो. नंतर खाण्याचे आठ-दहा दाणे, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसाच्या मापातलेच.

गुंता सोडवण्याची पद्धत मला मावशींना शिकवावी लागली नाही. त्यांनी जटेच्या मुळाशी डाव्या हाताची दोन बोटं चिमटीसारखी धरली, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही, आणि फणीच्या शेवटच्या दोन दातांनी टोकाकडून थोडं थोडं उकलत वर आल्या. पन्नास वर्षं तुटलेला ताणा सांधलेले हात आहेत ते. मी तेच काम करते, पण मला इतका वेळ धीर राहत नाही.

वही चालूच राहिली, जरीचा तराजूही. डिसेंबरात आठवड्याला नऊ-दहा ग्रॅम केस निघत होते, सगळे अखंड. फेब्रुवारीत चार-पाच. आकडा कमी झाला तसं मावशींना वाटलं काहीतरी चुकतंय. फणीनं तपासून बघा म्हटलं, फणी कातडीला टेकून मानेपासून शेपटीपर्यंत गेली. गोळा ओकणं महिन्यातून एखाद्या वेळेवर आलं. वजन मार्चमध्ये 5 किलो 300. कमरेवर मशीन फिरवलेली जागा त्यावेळी अजून आखूडच होती, लांब केस पुरे यायला चार-सहा महिने जातात. पण मार्चमध्येच एका दुपारी मावशींनी मला फोन करून, आवाज खाली आणून सांगितलं, "वळून कंबर चाटायलीय बघ."

साड्यांवरचे केस पूर्ण थांबले नाहीत. मांजर आहे.

जूनमध्ये पावसाची झड लागली आणि डाव्या बगलेत पुन्हा एक गुठळी आली. बेळगावच्या पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओली असते, तेव्हा ही बगल तीन दिवसांआड बघायची, असं वहीत नवीन पान करून लिहिलंय. मुलानं बेंगळुरूहून केस ओढून घेणाऱ्या मोटारीच्या यंत्राचा फोटो पाठवला होता, मागवू का म्हणून. मावशींनी मला विचारलं नाही, परस्परच नको म्हणून कळवलं : खाली तीन मोटारी आहेत तेवढ्या पुरे.

साडेसहाशेचा ब्लेडचा ब्रश त्यांनी टाकला नाही. तो आता खाली असतो, मागाच्या रुळावर साचलेली सुताची धूळ काढायला. त्याला चांगला आहे म्हणतात.